बंद मूठ आणि खुले ज्ञान
भारतातील संशोधनाच्या मुक्त प्रवेशाची वाटचाल आणि आपण

महापरिनिब्बान सुत्तात एक प्रसंग आहे. तथागत आजारातून उठले आहेत आणि भिक्खुसंघासाठी ते काही अखेरचे सांगतील, अशी आनंदाची अपेक्षा आहे. त्यावर तथागत त्याला स्पष्ट करतात की, आपण धम्म शिकवताना आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी दुसरा असा भेद कधी केला नाही. काही राखून ठेवणाऱ्या आचार्याची मूठ आपल्यापाशी नाही. पाली परंपरेत या राखून ठेवण्याला 'आचरियमुट्ठि' असे नाव आहे. आचार्याची मूठ झाकलेली राहिली की शिष्य कायमचा परावलंबी राहतो आणि ज्ञान मूठभरांची मालमत्ता होते. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाला या एका शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आज शाळेची दारे कायद्याने सर्वांना खुली आहेत. परंतु शाळा, महाविद्यालय आणि विद्यापीठ ओलांडून पुढे गेले की जे नवे ज्ञान निर्माण होते, म्हणजे ज्याला आपण संशोधन म्हणतो, ते कोणाला वाचता येते? या प्रश्नाकडे आपल्या समाजात अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात आम्ही याच विषयाचा थोडक्यात परिचय करून देणार आहोत. संशोधन बंद का राहते, आपल्या देशात ते कसकसे खुले होत गेले, अजून कोणती दारे बंद आहेत आणि या शाळेचे माजी विद्यार्थी व पालक म्हणून आपल्याला त्याचा काय उपयोग आहे, असा या विवेचनाचा क्रम राहील.

आपल्याच मातीतील दोन उदाहरणे

हा विषय दूरचा वाटू नये म्हणून आरंभ बुलढाणा जिल्ह्यापासूनच करू. लोणारचे सरोवर आपण सर्वांनी पाहिले आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्कापातानेच निर्माण झाले, हे निर्णायक पुराव्यांसह मांडणारा निबंध अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या संशोधकांनी १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर या विवराच्या वयाविषयी दोन फार वेगळी अनुमाने पुढे आली. एका पद्धतीने वय सुमारे ५२,००० वर्षे निघाले. २०११ मध्ये 'जिऑलॉजी' या अमेरिकी नियतकालिकात आलेल्या निबंधाने आर्गॉन वायूच्या मोजणीवरून ते सुमारे ५,७०,००० वर्षे असल्याचे मांडले. दोन्ही आकड्यांत दहापटीहून अधिक अंतर आहे. तरीही आपल्याकडील अनेक पुस्तिकांत आणि भाषणांत जुनाच आकडा एकमेव सत्य म्हणून सांगितला जातो. सांगणाऱ्यांचा यात दोष नाही. नवा निबंध वर्गणीच्या नियतकालिकात आहे; त्याचा गोषवारा तेवढा मोफत दिसतो, संपूर्ण युक्तिवाद आणि मोजणीचे तपशील मात्र वर्गणीदारालाच मिळतात. लोणारच्या शाळेतील विज्ञानशिक्षकाला लोणारविषयीचे संशोधन सहज वाचता येत नाही, असा हा प्रकार आहे.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. संग्रामपूर तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी भोन हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे उत्खनन केले. प्राचीन वसाहतीच्या खुणांबरोबर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष तेथे उजेडात आले आणि त्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या शतकांपर्यंत मागे जातो. म्हणजे ज्या विदर्भात १९५६ साली धम्मचक्र पुन्हा गतिमान झाले, त्याच विदर्भाच्या या कोपऱ्यात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी धम्माची वस्ती नांदत होती. हे स्थळ जिगाव सिंचन प्रकल्पाच्या पाण्याखाली जाण्याचा प्रश्न त्यानंतर निर्माण झाला. शेतकऱ्याला पाणी हवे आणि वारसाही टिकला पाहिजे, असा हा अवघड पेच आहे. अशा पेचात नागरिकांना निवेदन द्यावयाचे असेल, न्यायालयात जावयाचे असेल किंवा ग्रामसभेत नुसते बोलावयाचे असेल, तरी हातात पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे उत्खननाचे वृत्तांत. ते पुरातत्त्वशास्त्राच्या विशेष नियतकालिकांत इंग्रजीतून छापले गेले. पुण्या-मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयांत ती नियतकालिके मिळतात. भोनच्या किंवा संग्रामपूरच्या वाचनालयात ती असण्याचा संभव नाही.

संशोधन खुले असणे म्हणजे काही फुकट मिळवणे, असा समज पुष्कळदा असतो. वरील दोन उदाहरणांवरून दिसेल की येथे प्रश्न पैशांच्या बचतीपेक्षा मोठा आहे. आपल्या भूमीविषयी, आपल्या इतिहासाविषयी आणि आपल्या शेतीविषयी जे सिद्ध झाले आहे, ते पुरावा म्हणून आपल्या हाती असणे, हा त्याचा खरा अर्थ आहे.

संशोधन बंद का राहते?

एखादा संशोधन-निबंध तयार होतो कसा, ते पाहू. संशोधकाला पगार बहुधा शासनाच्या तिजोरीतून मिळतो. प्रयोगशाळा, उत्खनन, प्रवास यांचा खर्चही बहुतांशी सार्वजनिक पैशातूनच होतो. निबंध लिहून झाला की तो एखाद्या नियतकालिकाकडे जातो. तेथे त्याच विषयातील इतर तज्ज्ञ तो तपासतात आणि हे काम ते साधारणपणे विनामूल्य करतात. निबंध स्वीकारला गेला की लेखक त्याचे हक्क प्रकाशकाकडे सुपूर्द करतो. त्यानंतर प्रकाशक तोच निबंध ग्रंथालयांना वर्गणी घेऊन विकतो. ज्या विद्यापीठात तो लिहिला गेला, त्या विद्यापीठालाही तो विकतच घ्यावा लागतो. वर्गणीदार नसलेल्या सामान्य वाचकाला परदेशी नियतकालिकातील एकच निबंध घ्यावयाचा झाल्यास तीस-चाळीस डॉलर, म्हणजे अडीच ते साडेतीन हजार रुपयांच्या घरात किंमत पडते. आपल्या जिल्ह्यातील शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी ही रक्कम आहे.

या व्यवस्थेविरुद्ध जगभरातील विद्वानांनीच आवाज उठवला. भौतिकशास्त्रज्ञांनी १९९१ पासून आपले निबंध 'अर्काइव्ह' या संगणकीय भांडारात सर्वांसाठी ठेवण्यास सुरुवात केली. १४ फेब्रुवारी २००२ रोजी बुडापेस्टचे निवेदन प्रसिद्ध झाले आणि 'ओपन ॲक्सेस' म्हणजे मुक्त प्रवेश या संकल्पनेला निश्चित अर्थ मिळाला. संशोधन कोणालाही किंमत न देता वाचता, उतरवून घेता, वाटता आणि पुढील कामासाठी वापरता यावे, मूळ लेखकाचे श्रेय मात्र त्याला मिळावे, हा तो अर्थ होय.

त्यासाठी दोन मार्ग सांगितले गेले. लेखकाने आपल्या निबंधाची प्रत एखाद्या सार्वजनिक भांडारात ठेवणे, हा पहिला. नियतकालिकानेच आपले दार सर्वांना उघडणे, हा दुसरा. दुसऱ्या मार्गात पुढे एक विकृती शिरली. काही मोठ्या प्रकाशकांनी वाचकाकडून पैसे घेण्याऐवजी लेखकाकडून घेण्यास सुरुवात केली. 'नेचर' या ख्यातनाम नियतकालिकाने २०२१ पासून मुक्त प्रवेशासाठी एका निबंधामागे ९,५०० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने आठ लाखांहून अधिक रुपये, इतके शुल्क ठरवले. वाचणाऱ्याचे दार उघडताना लिहिणाऱ्याचे दार बंद होऊ लागले. श्रीमंत देशांतील विद्यापीठांना हे परवडते. अमरावती किंवा नांदेडच्या संशोधकाला ते परवडणारे नाही.

बाबासाहेबांचे ग्रंथ : एक बोलके उदाहरण

ज्ञानाची किंमत किती असावी, हा वाद आपल्या चळवळीला नवा नाही. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने आपले अधिवेशन रद्द केल्यावर बाबासाहेबांनी न झालेले अध्यक्षीय भाषण १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने स्वतःच प्रसिद्ध केले. पंधराशे प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिताना आठ आणे ही किंमत दोन आण्यांपर्यंत, निदान चार आण्यांपर्यंत खाली आणावी, अशी सूचना केली होती. ग्रंथातील विचारांविषयी दोघांत टोकाचा मतभेद होता. तरीही तो ग्रंथ अधिकाधिक लोकांनी वाचावा, एवढ्या गोष्टीवर त्यांच्यात दुमत नव्हते. ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाचा पहिला इंग्रजी खंड महाराष्ट्र शासनाने १४ एप्रिल १९७९ रोजी प्रसिद्ध केला. वसंत मून यांनी त्या कामी घेतलेले कष्ट सर्वश्रुत आहेत. चौथ्या खंडातील 'रिडल्स इन हिंदुइझम'वरून १९८७-८८ मध्ये महाराष्ट्र पेटला आणि ग्रंथाच्या रक्षणासाठी समाज लाखोंच्या संख्येने रस्त्यावर उतरला. ग्रंथासाठी असा लढा देणारे समाज जगात थोडे असतील. तरीही छापील खंड मिळणे पुढे दुरापास्तच होत गेले. छपाईच्या रखडलेल्या कामाविषयी वृत्तपत्रात आलेल्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली, यावरूनच स्थिती कळून येते.

दरम्यानच्या काळात एक वेगळे दार उघडले. भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हे इंग्रजी खंड पीडीएफ स्वरूपात विनामूल्य ठेवले गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापिका फ्रान्सेस प्रिचेट यांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'ची टिपांसह खुली आवृत्ती संकेतस्थळावर सिद्ध केली. ज्या विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला, तेथूनच हे घडावे, यात एक औचित्य आहे.

यात कायद्याचा एक भाग येतो आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असला पाहिजे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. म्हणून त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सार्वजनिक मालकीचे झाले. मृत्यूनंतर प्रकाशित झालेल्या ग्रंथांची ६० वर्षे प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजली जातात. 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ मध्ये प्रकाशित झाला, म्हणून तो १ जानेवारी २०१८ पासून मुक्त झाला. 'रिडल्स'सारखे पुष्कळ नंतर प्रसिद्ध झालेले लेखन या हिशेबात अजून बसत नाही. तसेच भाषांतर, प्रस्तावना आणि टिपा यांवरील हक्क त्या त्या लेखकाचे स्वतंत्रपणे असतात. एवढे भान ठेवले तर जयंतीनिमित्त मूळ ग्रंथ छापून वाटण्यास कोणाचीही परवानगी मागावी लागत नाही.

भारतातील वाटचाल

आता संपूर्ण देशाचा आलेख पाहू. भारतातील मुक्त प्रवेशाची चळवळ एखाद्या कायद्यातून सुरू झाली नाही. काही संस्थांनी आणि ग्रंथपालांनी आपापल्या जागी पुढाकार घेतला, त्यातून ती वाढली. बंगळूरच्या इंडियन अकॅडेमी ऑफ सायन्सेसने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आपली नियतकालिके संकेतस्थळावर विनामूल्य द्यावयास आरंभ केला. १९३२ पासून निघणाऱ्या 'करंट सायन्स'चे जुने अंकही आज कोणालाही वाचता येतात. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयातून निघणारे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' याच वाटेने गेले. ते संकेतस्थळावर आणणारी 'मेडनो' ही मुंबईची प्रकाशनसंस्था अशी अनेक वैद्यकीय नियतकालिके खुली करण्यात अग्रेसर ठरली. २०११ मध्ये ती संस्था 'वॉल्टर्स क्लुवर' या परदेशी कंपनीने विकत घेतली. एका संस्थेच्या सद्‍भावनेवर उभे असलेले खुलेपण मालक बदलला की किती टिकेल, हा प्रश्न त्यामुळे कायम राहतो.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्ये आपल्या संशोधकांच्या निबंधांचे भांडार उभारले. देशातील अशा प्रकारच्या पहिल्या प्रयत्नांत त्याची गणना होते. चेन्नईचे माहितीशास्त्रज्ञ सुब्बय्या अरुणाचलम यांनी या विचाराचा प्रसार वर्षानुवर्षे केला. भारतासारख्या देशातील संशोधन परदेशी नियतकालिकांत अडकून पडल्याने आपल्याच शास्त्रज्ञांना ते दिसत नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पाऊल २००९ चे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वर्षीच्या नियमावलीने पीएच.डी. प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे बंधनकारक केले. त्या प्रती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात ठेवल्या जाऊ लागल्या. आज तेथे चार लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते वाचण्यासाठी नोंदणीची किंवा शुल्काची अट नाही. त्यापूर्वी प्रबंधाच्या दोन-चार प्रती विद्यापीठाच्या ग्रंथालयातील कपाटात असत आणि त्या पाहण्यासाठी त्या गावी जाऊन परवानगी घ्यावी लागे. आपल्या समाजातील पहिल्या पिढीच्या संशोधकांनी आंबेडकरी चळवळ, दलित साहित्य, भूमिहीनांचे प्रश्न, विदर्भातील धर्मांतरोत्तर परिवर्तन अशा विषयांवर कष्टाने लिहिलेले प्रबंध या कपाटांत पडून होते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठासह महाराष्ट्रातील विद्यापीठांचे प्रबंध आता शोधगंगेवर आहेत. आधी काय लिहिले गेले आहे हे कळल्याशिवाय पुढचे लिहिता येत नाही. तो पहिला टप्पा आता खेड्यातील विद्यार्थ्यालाही गाठता येतो.

शेतीच्या क्षेत्रात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये मुक्त प्रवेशाचे धोरण स्वीकारले. कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश' या भांडारात ठेवण्यात आले. कापूस, सोयाबीन, तूर यांवरील किती संशोधन आपल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात झाले आहे, ते तेथे शोधून पाहण्याजोगे आहे. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने मिळून धोरण जाहीर केले. या विभागांच्या पैशातून झालेल्या संशोधनाची प्रत सार्वजनिक भांडारात ठेवली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. धोरण चांगले आहे. अंमल मात्र ढिला राहिला, कारण प्रत न ठेवणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही.

छायाप्रतींचा खटला

या काळात न्यायालयातही एक महत्त्वाचा प्रश्न गेला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका छायाप्रती दुकानात नेमलेल्या पुस्तकांतील निवडक प्रकरणे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना दिली जात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये त्याविरुद्ध दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी तो फेटाळला. शिक्षणाच्या ओघात अध्यापनासाठी केलेली प्रत म्हणजे हक्कभंग नव्हे, असा कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ न्यायालयाने लावला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने हे तत्त्व मान्य केले, मात्र काही तथ्यांच्या तपासणीसाठी प्रकरण परत पाठवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. महागडी पुस्तके घेण्याची ऐपत नसलेल्या लक्षावधी विद्यार्थ्यांचे शिक्षण या निकालाने सुरक्षित झाले.

वर्गणी आणि मुक्ती यांतील फरक

सर्वांत अलीकडची घडामोड म्हणजे 'एक राष्ट्र एक वर्गणी' ही योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक शासकीय संस्था आणि जवळपास १.८ कोटी विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा आवाका आहे. पूर्वी जी नियतकालिके केवळ आयआयटीसारख्या संपन्न संस्थांत मिळत, ती आता जिल्ह्यातील शासकीय महाविद्यालयातही उघडू शकतात. ही प्रगती मोठी आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे.

तथापि दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, ही वर्गणी आहे. घर भाड्याने घेणे आणि स्वतःचे असणे यांत जो फरक, तोच वर्गणी आणि मुक्त प्रवेश यांत आहे. भाडे थांबले की घर सोडावे लागते. दुसरी गोष्ट अशी की, हे दार संस्थेच्या आत असलेल्यांसाठी आहे. २०२० च्या अखेरीस जाहीर झालेल्या राष्ट्रीय विज्ञान धोरणाच्या मसुद्यात देशातील प्रत्येक व्यक्तीला नियतकालिके वाचता यावीत, अशी कल्पना होती. प्रत्यक्ष योजनेत ती उच्च शिक्षण व संशोधन संस्थांपुरती राहिली. जिल्हा परिषदेचा शिक्षक, गावचा ग्रंथपाल, पदवी घेऊन शेती करणारा तरुण, स्तूपाच्या रक्षणासाठी धडपडणारा कार्यकर्ता हे सर्व त्या दाराच्या बाहेरच आहेत. आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी दुसरे, हा भेद तथागतांनी नाकारला होता. आपल्या योजनेत तो अजून शिल्लक आहे.

खुले आणि खोटे

येथे आपल्या तरुण संशोधकांना एक इशारा देणे आवश्यक वाटते. संशोधन खुले करण्याच्या नावाखाली पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट नियतकालिके देशात बोकाळली. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून एकाच वेळी ४,३०५ नियतकालिके काढून टाकली, यावरून रोगाचा विस्तार कळतो. पदोन्नतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाऊ लागली आणि या धंद्याला गिऱ्हाईक मिळाले. जे नियतकालिक तपासणीशिवाय आठवडाभरात निबंध छापण्याचे आश्वासन देते आणि त्यासाठी प्रथम रक्कम मागते, त्यापासून दूर राहावे. कर्ज काढून पाठवलेले ते पैसेही जातात आणि संशोधकाची पतही जाते. बाबासाहेबांनी लंडन आणि न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांत पुरावे तपासून एकेक विधान केले. त्यांचा वारसा सांगणाऱ्याला विनातपासणीचा छापील कागद शोभत नाही.

भाषेचा उंबरठा

दार उघडले तरी उंबरठा राहतोच आणि आपल्याकडे तो भाषेचा आहे. वर उल्लेखिलेले बहुतेक सर्व संशोधन इंग्रजीत आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात दोन भिक्खूंची कथा येते. बुद्धवचन वैदिक छंदोबद्ध भाषेत बांधावे, अशी त्यांची सूचना होती. तथागतांनी ती अमान्य केली आणि धम्म आपापल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली, असा त्या वचनाचा सामान्यतः स्वीकारला जाणारा अर्थ आहे. लोकांच्या भाषेत न आलेले ज्ञान खुले असूनही दूरच राहते, याची जाणीव अडीच हजार वर्षांपूर्वी होती.

मराठीत चांगली कामे झालेली आहेत. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर विनामूल्य आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली शेकडो पुस्तके खुली केली आहेत. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण पाली तिपिटक देवनागरीसह अनेक लिपींत मोफत उपलब्ध करून दिले आहे. घरोघरी बुद्धवंदना म्हणणाऱ्या आपल्या लोकांना मूळ ग्रंथ पाहण्याची सोय एवढ्या सुलभपणे पूर्वी कधीच नव्हती. परंतु आजचे संशोधन मराठीत सांगणारे लेखन फार थोडे आहे. ते कोणी बाहेरून येऊन करणार नाही. इंग्रजी वाचू शकणारी जी पिढी या व अशा निवासी शाळांतून घडली, तिचे हे काम आहे.

आपण काय करावे

उपदेश करण्यापेक्षा चार करता येण्याजोग्या गोष्टी मांडून आम्ही हा लेख पूर्ण करतो.

पहिली गोष्ट, माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी पीएच.डी. केली आहे, त्यांनी आपला प्रबंध शोधगंगेवर आहे किंवा नाही, हे पाहावे. २००९ पूर्वीचे अनेक प्रबंध तेथे नसतील. ते आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथपालामार्फत तेथे पोहोचवण्याचा प्रयत्न करावा आणि एक प्रत शाळेच्या ग्रंथालयास द्यावी.

दुसरी, जे महाविद्यालयांत किंवा संशोधन संस्थांत अध्यापक आहेत, त्यांनी निबंध प्रसिद्ध करताना करारपत्र वाचावे. बरेचसे प्रकाशक लेखकाला आपल्या अंतिम हस्तलिखिताची प्रत भांडारात ठेवू देतात. लेखक ती ठेवत नाहीत, एवढेच. गावाकडच्या विद्यार्थ्याने एखादा निबंध मागितला तर लेखकाने तो आपुलकीने पाठवावा. निबंध वाचावयाचा असेल तर लेखकाला थेट पत्र किंवा ई-मेल पाठवण्यात संकोच करू नये, हे विद्यार्थ्यांनीही लक्षात ठेवावे. बहुतेक लेखकांना वाचक मिळाल्याचा आनंदच होतो.

तिसरी, शाळेच्या ग्रंथालयातील एका संगणकावर या लेखात आलेली भांडारे, बाबासाहेबांचे खंड, तिपिटक, विश्वकोश आणि जिल्ह्याचे गॅझेटियर यांची सूची सहज उघडेल अशी ठेवावी. नववी-दहावीच्या मुलांना एखादी माहिती दिली की ती कोठून आली, हे शोधण्याची सवय लावावी. ज्या विद्यार्थ्याने मूळ पुरावा पाहिला आहे, त्याला मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेने सहज फसवता येत नाही.

चौथी गोष्ट आपल्या स्वतःच्या कागदपत्रांची आहे. गावोगावच्या विहारांतील जुनी इतिवृत्ते, धर्मांतराच्या काळातील पत्रके, शाहिरांच्या वह्या, भूमिहीन सत्याग्रहाच्या आठवणी आणि अशा स्मरणिकाही वाळवीच्या तोंडी जात आहेत. उद्याचा इतिहासकार आपल्याविषयी लिहील तेव्हा हाच पुरावा त्याला लागणार आहे. तो स्कॅन करून, तारीख व गाव नोंदवून, सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी ठेवणे हे आता फार खर्चाचे काम राहिलेले नाही. या शाळेच्या आजवरच्या सर्व स्मरणिकांपासून त्याचा आरंभ व्हावा, असे आम्ही सुचवतो.

त्यापाठोपाठ भोनच्या उत्खननाचे वृत्तांत मिळवून त्यांचा मराठी सारांश तयार करता येईल. इतिहास, भूगोल आणि इंग्रजी या तीन विषयांच्या शिक्षकांनी व चार माजी विद्यार्थ्यांनी मिळून एका सुट्टीत पार पाडावे, एवढेच ते काम आहे. तो सारांश शाळेच्या ग्रंथालयात आणि संग्रामपूरच्या वाचनालयात असेल, तर पूर्णेच्या काठावरील त्या स्तूपाविषयी बोलताना आपल्या मुलांना ऐकीव माहितीवर विसंबावे लागणार नाही.